गच्चीवरची फुलगोबी आणि एक जुना हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारी २०२५ रोजी ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहिले आहे.)



मला दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. बँकेतल्या माणसाला दहा मिनिटे दिली की तो पंधरा घेतो, हे सचिवांना ठाऊक आहे, म्हणून ते घड्याळ घेऊनच बसले आहेत. विषय दिला आहे "कुंडीतली भाजी". मी तो आणखी लहान करून घेतला आहे. मी फक्त फुलगोबीबद्दल बोलणार आहे. आणि बोलता बोलता एक जुनी गोष्ट सांगायची आहे, ती मात्र लहान नाही. ती शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही उठून जाणार नाही.

आपण नंदनवनात राहतो. नंदनवन म्हणजे इंद्राची बाग. सन २००० मध्ये आपली सोसायटी रजिस्टर झाली आणि आम्ही सोळा कुटुंबे इथे राहायला आलो, तेव्हा बाग सोडा, धड रस्ता नव्हता. जगनाडे चौकातून स्कूटर आणली की पावसाळ्यात शेवटचे दोनशे पावले ती ढकलतच आणावी लागे. काळी माती चाकाला अशी चिकटायची की घरी आल्यावर लाकडाच्या काडीने खरवडून काढावी लागे. नंतर त्याच मातीवर सिमेंट पडले. झाडे कमी झाली, गाड्या वाढल्या. आता इंद्राची बाग करायची तर एकच जागा शिल्लक आहे, ती म्हणजे ही गच्ची, जिच्यावर आपण आत्ता बसलो आहोत.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. नोकरीच्या काळात मी काही वर्षे कळमेश्वर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. पीककर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. संत्रा, कपाशी, वांगे, फुलगोबी, सगळ्यांना कर्ज दिले. हेक्टरी खर्च किती, खत किती, उत्पन्न किती, हे सगळे मला पाठ होते. पण स्वतः एक रोप कधी लावले नव्हते. तिथले एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले होते, "साहेब, फुलगोबी अन् लग्न, दोन्ही मोसमातच करावं. मोसम चुकला का नुसता पाला हाती येते." मी हसलो होतो आणि सही केली होती. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला तीस-पस्तीस वर्षे लागली.

निवृत्त झालो २०११ साली. पहिली काही वर्षे फिरण्यात, दवाखान्यात आणि नातवात गेली. २०१९ च्या नोव्हेंबरात सौ. बाजारातून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर पेपर वाचून राहिले, गच्चीवर काही लावत का नाही?" मी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो, फुलगोबीचे एक पाकीट घेतले, पाच कुंड्या घेतल्या, समोरच्या प्लॉटमधली काळी माती भरली आणि बी टाकले. रोपे छान आली. मी ती तशीच दोन महिने लहान कुंडीत ठेवली, कारण मोठ्या कुंड्या आणायचा कंटाळा. शेवटी जानेवारीत लावली. फेब्रुवारीत पाचही झाडांना गड्डे आले. केवढे? लिंबाएवढे! नातू म्हणाला, "आबा, हे गोबीचं बाळ आहे का?" पाच गड्ड्यांची मिळून एक वाटी भाजी झाली. सौ.नी ती मला एकट्याला वाढली.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२० साली, मी ठरवले की यंदा उशीर करायचा नाही. कोरोनामुळे सगळे घरातच होतो. कुरिअरने थंडीतल्या चांगल्या जातीचे बी मागवले आणि जूनमध्येच टाकले. झाडे काय वाढली महाराजा! पाने हत्तीच्या कानासारखी. गच्चीवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काकाजी, गोबी कधी निघून राहिली?" मी म्हणायचो, "आठ दिवसांत." असे म्हणता म्हणता ऑक्टोबर संपला. पाला होता, गड्डा नव्हता. दिवाळीच्या आधी रागाने सगळी झाडे उपटली. आता कळते की आणखी महिना-दीड महिना थांबलो असतो, तर थंडी पडल्यावर कदाचित गड्डा धरलाही असता.

दोन्ही वर्षी चूक एकच होती, फक्त दिशा उलटी. फुलगोबी ही तापमानावर चालणारी भाजी आहे. जे आपण खातो ते खरे म्हणजे फूल नाहीच. झाडाचा शेंडा फूल व्हायच्या आधी गोळा होऊन थांबतो, तो गड्डा. तो कधी धरायचा हे झाड हवेच्या गारव्यावरून ठरवते. जातींचे ढोबळ गट असे आहेत. लवकर येणाऱ्या जाती २० ते २७ अंशांत गड्डा धरतात, मधल्या १२ ते २० अंशांत, आणि 'स्नोबॉल' गटातल्या उशिराच्या जातींना १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. लवकरची जात थंडीत लावली तर झाड मोठे व्हायच्या आधीच गड्डा धरते, तो लिंबाएवढाच राहतो. शेतीच्या पुस्तकात त्याला 'बटनिंग' म्हणतात. उशिराची जात उकाड्यात लावली तर ती नुसती पाने वाढवत बसते. त्यातून रोप जुने झालेले असले, माती दमलेली असली, की बटण हमखास.

म्हणून पाकिटावरचे चित्र पाहू नका, चित्रातली गोबी नेहमीच पांढरीशुभ्र असते. जात कोणती आणि पेरणीचा महिना कोणता ते वाचा. आपल्या नागपुरात हिशेब सरळ आहे. लवकरच्या जाती मे अखेर ते जूनमध्ये पेरायच्या, मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि उशिराच्या सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गच्चीवर नवीन माणसाने उशिराचीच जात घ्यावी, कारण पावसात किडी आणि रोग जास्त. नागपूरची थंडी तशी कमी दिवसांची, पण असते तेव्हा खरी असते. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तुम्हाला आठवत असेल. विधानसभेचे अधिवेशन आणि फुलगोबी, दोन्हींना डिसेंबरचे नागपूर मानवते. एकातून काय निघते ते मी बोलत नाही.

ही भाजी तशी आपली नव्हेच. 'कोबी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. फुलगोबीचे बी १८२२ च्या सुमारास इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, असे शेतीच्या पुस्तकांत लिहिलेले असते. विलायती बी इथल्या उन्हात टिकेना. तेव्हा उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांनीच, जी झाडे उकाड्यात तगली त्यांचे बी राखले, पुन्हा लावले, पुन्हा राखले. असे करता करता आपल्या हवेत येणाऱ्या देशी जाती तयार झाल्या. त्याच धाग्यावर दिल्लीच्या पुसा संस्थेने पुढे 'पुसा दीपाली', 'पुसा शरद' अशा जाती काढल्या. आता तर 'पुसा बीटा केसरी' नावाची नारिंगी गोबीही आहे, गाजरात असते ते बीटा कॅरोटिन तिच्यात असते. संत्र्याच्या गावाला नारिंगी गोबी शोभेल, पुढच्या वर्षी बी मिळाले तर लावून पाहू. माझ्या आजीच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात फुलगोबी कधी शिरली नाही, तिच्या लेखी ती साहेबाची भाजी होती. आज तीच भाजी नागपुरात लग्नाच्या प्रत्येक पंगतीत बटाट्याशेजारी बसलेली असते.

आता प्रत्यक्ष कृती. माताभगिनींनी विचारले होते म्हणून सविस्तर सांगतो.

भांडे : रंगाची २० लिटरची रिकामी बादली सर्वांत चांगली. पेंटरकडे तीस-चाळीस रुपयांत मिळते. आतला रंग घासून धुवा. खोली निदान एक फूट हवी. एका बादलीत एकच झाड, मोह करायचा नाही. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोके पाडा.

माती : नुसती काळी माती भरू नका. पाणी घातले की ती फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही, वाळली की तडकते आणि मुळे तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग भिजवलेले कोकोपीट. त्यात प्रत्येक बादलीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी ढेप. शेणखत कच्चे असेल तर हुमणी येते आणि मुळे खाते, म्हणून हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते खत अजून तयार नाही असे समजा.

रोप : बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. चार ते पाच आठवड्यांचे, चार-पाच पानांचे रोप संध्याकाळी मोठ्या बादलीत लावा. सहा आठवड्यांच्या वरचे रोप लावू नका, फुकट मिळाले तरी.

ऊन-पाणी : सहा तास ऊन हवे. पाणी रोज सकाळी, माती ओलसर राहील इतकेच. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी महापूर असे केले तर झाड चिडते आणि गड्डा बिघडतो. मुलाकडे पुण्याला चार दिवस जायचे असेल तर शेजाऱ्याला झारी देऊन जा. झारीसोबत चावी दिली तर शेजारधर्मही टिकतो.

खत : लावल्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, वरची माती हलवून. गड्डा तपकिरी पडू लागला आणि देठ आतून पोकळ निघाला तर बोरॉन कमी आहे असे समजतात. त्यासाठी बोरॅक्स लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, एकदा फवारले की पुरे. औषध थोडे जास्त घातले की गुण जास्त येतो, हा आपल्या घराघरांतला समज इथे चालत नाही, जास्त बोरॉनने झाड जळते.

कीड : मोहरीच्या कुळातली भाजी असल्याने मावा येतो आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची हिरवी अळी येते. ती पानाच्या खालच्या बाजूला असते. दहा-बारा झाडांना औषध कशाला हवे, संध्याकाळी चष्मा लावून पाने उलटून पाहा आणि हाताने वेचा. फार झाले तर पाच टक्के निंबोळी अर्क. म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून लिटरभर करायची, किंचित साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायची.

झाकणी : गड्डा अंड्याएवढा झाला की त्याचीच बाहेरची पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधा. उन्हाने गड्डा पिवळा पडतो, झाकल्याने पांढरा राहतो. चार-पाच दिवसांनी सोडून आत पाणी किंवा अळी नाही ना ते पाहा.

काढणी : गड्डा घट्ट आहे तोवर काढा. उद्या आणखी मोठा होईल या लोभाने थांबलात तर तो सैल होतो आणि वर तांदळासारखे दाणे दिसू लागतात. मुदत संपलेली ठेव तशीच पडून राहिली तर तिच्यावर पूर्वीइतके व्याज मिळत नाही, तसेच आहे हे. आणि पाने फेकू नका. कोवळ्या पानांचा बेसन लावून झुणका करा, सौ. उत्तम करतात, पण रेसिपी त्याच देतील.

आता हिशेब. बँकेचा माणूस आहे, हिशेब सांगितल्याशिवाय बसणार नाही. २०२३-२४ च्या थंडीत मी बारा बादल्या लावल्या. बादल्या ४८० रुपये, कोकोपीटची पाच किलोची वीट २००, शेणखताची दोन पोती १६०, गांडूळखत २००, निंबोळी ढेप १२०, बी ६०, मच्छरदाणीची जाळी आणि सुतळी १८०. एकूण १,४०० रुपये. बारापैकी दोन झाडे मेली, एकाला शेंडाच फुटला नाही. नऊ गड्डे मिळाले, सर्व मिळून साडेचार किलो. त्या आठवड्यात बाजारात फुलगोबी तीस रुपये किलो होती. म्हणजे १,४०० रुपये घालून मी १३५ रुपयांची भाजी काढली. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल शाईने 'नामंजूर' लिहिले असते.

या वर्षी बादल्या त्याच आहेत, माती तीच, फक्त खत आणि बी असा ३८० रुपये खर्च झाला. तरीही तोटाच आहे. कळमना मार्केटच्या भावाशी स्पर्धा करायची असेल तर या नादी लागू नका. पण एक गोष्ट हिशेबाच्या वहीत येत नाही. ज्या माणसाला मी शाखेत बसून "या वर्षी उत्पन्न का कमी?" असे दरडावून विचारत होतो, त्याच्या जागी मी आता बारा बादल्यांपुरता का होईना बसलो आहे. मावा आला की मला रात्री झोप येत नाही. त्याची तर दोन एकर असायची, आणि वर माझे कर्ज.

गच्चीवरची भाजी हा श्रीमंती छंद आहे असे कोणी समजू नये. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच सांगितले होते की थोड्या जागेत, घरच्याच काडीकचऱ्यातून माती तयार करता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळे आणि भाज्या वाढवून दाखवल्या. आपल्या सोळा घरांतला ओला कचरा रोज घंटागाडीत जातो. त्यातला निम्मा वर आला तरी शेणखताचे पैसे वाचतील.

आता ती जुनी गोष्ट.

तुम्हाला आठवत असेल, २०२१ सालापर्यंत माझ्या कुंड्या पाचाच्या चाळीस झाल्या होत्या. मेथी, पालक, सांबार, वांगी, टमाटर, सगळे होते. त्या जुलैमध्ये चौथ्या मजल्यावर पाणी गळू लागले. ज्यांच्या घरात गळत होते त्यांचे नाव मी घेत नाही, ते समोरच बसले आहेत, आपण त्यांना भाऊच म्हणू. भाऊंच्या मुलीचे लग्न ठरले होते, घराला नुकताच रंग दिला होता. त्याच रंगावर नकाशा उमटला. भाऊ सभेत म्हणाले की काकाजींच्या कुंड्यांमुळे गळते. मी उभा राहिलो आणि वाद घातला. मी वजनाचे आकडे सांगितले. ज्या गच्चीवर माणसे जातात-येतात ती दर चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरून बांधतात, तसा भारतीय मानकच आहे. माझ्या कुंड्या त्याच्या आत बसतात, असे मी म्हणालो. आवाजही चढवला. पण आकडे वजनाचे होते आणि तक्रार पाण्याची होती, हे मी लक्षातच घेतले नाही. सभेने ठराव केला की पंधरा दिवसांत कुंड्या काढा. मी सगळ्या काढल्या, वाटून टाकल्या, आणि भाऊंशी बोलणे सोडले. लग्नाची पत्रिका आली, सौ. एकट्याच गेल्या.

सोसायटीने वॉटरप्रूफिंग केले. प्रत्येकाने साडेचार हजार रुपये दिले, एकूण ७२ हजार. पुढच्या पावसाळ्यात भाऊंच्या छताला पुन्हा ओल आली. तेव्हा मी जिन्यात भेटेल त्याला विचारत होतो, "आता कोणाच्या कुंड्या आहेत बाप्पा वर?" तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी हे म्हटले आहे. मला त्यात आनंद झाला होता, हे आज कबूल करतो.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचे पाणी लोकांच्या घरात शिरले, तो दिवस नागपूर विसरणार नाही. पहाटे माझ्या दाराची बेल वाजली. भाऊ होते. दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलले, "काकाजी, वर तळं झालं आहे. एकट्यानं जमत नाही, टॉर्च धरता का?"

आम्ही दोघे वर आलो. इथे, या कोपऱ्यात घोट्याच्या वर पाणी होते. पाइपाच्या तोंडावरची जाळी स्वच्छ होती, तरी पाणी जात नव्हते. भाऊंनी जाळी काढली, बाही वर करून हात आत घातला, कोपरापर्यंत. पाइप जिथे वळतो तिथे काहीतरी अडकले होते. त्यांनी ओढून काढले आणि माझ्या टॉर्चच्या उजेडात धरले. काळी माती, काथ्याचा गोळा, आणि त्यात गुंडाळलेली हिरव्या ग्रो-बॅगची फाटकी पट्टी. हिरव्या ग्रो-बॅग या बिल्डिंगमध्ये फक्त माझ्याकडे होत्या.

पाणी भसाभसा उतरू लागले. मी काही बोललो नाही. भाऊंनी ती पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि ती कचऱ्याच्या पिशवीत टाकली. म्हणाले, "निघालं ना काकाजी. चला, खाली चहा घेऊ." एवढेच. त्यांच्या घरी गेलो, वहिनींनी चहा दिला. छतावरचा डाग डोक्यावर तसाच होता. भाऊंनी ही गोष्ट त्या दिवसानंतर कोणालाही सांगितली नाही. सभेत सांगितली नाही, जिन्यात सांगितली नाही. सांगायची ती मीच, आणि मला सव्वा वर्ष लागले.

तर मंडळी, २०२१ ची गळती माझ्यामुळे होती. वजनामुळे नाही, माझ्या कुंड्यांतून वाहून गेलेल्या मातीमुळे. पाइप तुंबला, पाणी साचले आणि साचलेले पाणी वाट काढत खाली गेले. साडेचार हजार रुपये तुम्ही प्रत्येकाने जे दिले त्यात माझ्या निष्काळजीपणाचा वाटा होता. भाऊ, वहिनी, तुमची आणि सर्व सभासदांची मी माफी मागतो. लग्नाला आलो नाही, ते तर कोणत्याच ठरावाने भरून निघत नाही.

त्यानंतर पुन्हा बारा बादल्या ठेवायची सूचना भाऊंनीच सभेत मांडली, तेव्हा तुम्ही सगळे चकित झाला होता. कारण आज कळले. त्या वेळी आम्ही दोघांनी बसून जे नियम केले ते मी इथे पुन्हा सांगतो, कारण आता आणखी सहा घरांना बादल्या ठेवायच्या आहेत.

एक, गच्ची सोसायटीची आहे, कोणाची खाजगी नाही. ठेवायच्या आधी कमिटीची लेखी परवानगी. दोन, कोणतीही बादली थेट स्लॅबवर नाही. खाली विटा, विटांवर ताटली, म्हणजे माती आणि पाणी जमिनीवर उतरत नाही आणि खालून झाडता येते. तीन, पाइपाच्या तोंडापासून चार फुटांच्या आत काहीही ठेवायचे नाही. चार, वजन. आपल्या मिश्रणाची ओली बादली साधारण १८ किलो भरते, नुसत्या काळ्या मातीची त्याच्या जवळजवळ दुप्पट. एका चौरस मीटरमध्ये नऊ बादल्या दाटीने ठेवल्या तर १६२ किलो होतात, म्हणजे दीडशेच्या वर. म्हणून चौरस मीटरला चारच, म्हणजे ७२ किलो, आणि त्याही कठड्याच्या बाजूने. पाच, पावसाळ्याआधी, म्हणजे ३१ मेच्या आत, चारही पाइप नुसत्या जाळीपुरते नव्हे, आतल्या वळणापर्यंत साफ करायचे. या साफसफाईचा खर्च मी जिवंत असेपर्यंत माझ्याकडे. खजिनदारांनी हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

सचिव घड्याळ दाखवत आहेत. संपवतोच.

पंचवीस वर्षांत आपण या सोसायटीत पुष्कळ ठराव केले. पार्किंगचे, पाण्याच्या टाकीचे, गणपतीच्या वर्गणीचे. बहुतेक ठराव बरोबरच होते. माझ्या कुंड्या काढण्याचा ठरावही बरोबरच होता. पण ज्या माणसाकडे माझ्याविरुद्ध पुरावा होता त्याने तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि मला चहा पाजला, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. कठड्याजवळ बारा बादल्या आहेत. सात गड्डे आधीच काढून झाले, चार तयार आहेत आणि एका झाडाचा गड्डा मी मुद्दाम काढणार नाही. त्याला महिन्याभरात पिवळी फुले येतील, अगदी मोहरीसारखी. ती पाहायला या, म्हणजे गोबी आणि मोहरी नात्यातल्या कशा ते कळेल. उरलेल्या चारांपैकी सर्वांत मोठा गड्डा आज झेंडावंदनानंतर काढायचा ठरला आहे. विळा भाऊंच्या हातात देतो. भाजी वहिनी आणि आमच्या सौ. मिळून करणार आहेत. सोळा घरांना एकेक घास येईल की नाही याची खात्री नाही, कारण वजन फार तर पाऊण किलो भरेल. बटाटे जास्त घालायला सांगितले आहे.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!